स्कॅनर म्हणतो ‘सॉफ्टवेअर जुनं आहे’ : लाल ओळींचा रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं

सर्व्हरची जबाबदारी नव्यानं अंगावर आलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हा दिवस येतो. स्कॅनर, म्हणजे सर्व्हरमधली सुरक्षेची भोकं शोधणारा प्रोग्राम, चालवून काढलेला सुरक्षा तपासणीचा पाचपन्नास पानांचा रिपोर्ट समोर असतो आणि त्यात ओळीमागून ओळी लाल. ‘ओपनएसएसएच ९.२ कालबाह्य आहे, ९.८ वर जा.’ ‘अपाची २.४.३७ कालबाह्य आहे.’ (ओपनएसएसएच म्हणजे सर्व्हरवर लांबून लॉगिन करू देणारा प्रोग्राम, अपाची म्हणजे वेब सर्व्हर.) तुम्ही घाईघाईनं टर्मिनल उघडून अपडेट चालवता, तर सिस्टीम थंडपणे सांगते की सगळं अद्ययावत आहे, बसवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मग खोटं कोण बोलतंय? बहुतेक वेळा कुणीच नाही. स्कॅनर आवृत्तीच्या आकड्याबद्दल बोलतोय, सिस्टीम भोकं बुजवण्याबद्दल बोलतेय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रिपोर्टमधल्या कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा आणि कुठल्या ओळीवर नाही, हे एकेक ओळ तपासूनच ठरतं. ते कसं तपासायचं ते इथे सांगतो. (आज्ञा आणि आवृत्त्या मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकायच्या.)

आधी गोंधळ कुठून येतो ते

डेबियन, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या पाठिंब्याच्या) आवृत्त्या, सुसे एंटरप्राइझ या लिनक्सच्या ‘स्थिर’ सिस्टीम. इथे स्थिर म्हणजे ‘न बदलणारी’. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हा त्यात ओपनएसएसएच ९.२ होतं, आणि डेबियन १२ असेपर्यंत ते ९.२ च राहणार. मूळ लेखक पुढे ९.३, ९.५, ९.८ काढत राहतात. त्यात नवी वैशिष्ट्यं येतात, काही जुनी सेटिंग्ज चालेनाशी होतात. शेकडो सर्व्हर सांभाळणाऱ्याला रात्रीच्या अपडेटनंतर सकाळी असला बदल नको असतो.

पण सुरक्षेचं भोक सापडलं तर? तेव्हा वितरक, म्हणजे डेबियन किंवा रेड हॅटची टीम, नव्या आवृत्तीतली फक्त तेवढी दुरुस्ती उचलते आणि जुन्या आवृत्तीवर तिचं ठिगळ लावते. याला बॅकपोर्ट म्हणतात. कापड जुनं, ठिगळ नवं. स्कॅनर लांबून कापडाचा रंग बघतो आणि फाटलंय असं जाहीर करतो.

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या हार्टब्लीड नावाच्या भोकाचं उदाहरण घ्या, कारण त्यात सगळा प्रकार एका अक्षरावर येऊन ठेपतो. ७ एप्रिल २०१४ ला ते भोक जाहीर झालं. ओपनएसएसएलच्या १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडत होत्या, दुरुस्ती १.०.१जी मध्ये आली. डेबियन ७ वर तेव्हा १.०.१ई होतं. डेबियननं ‘जी’ दिलंच नाही, ‘१.०.१ई-२+डेब७यू५’ या पॅकेजात (वितरकानं बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यात) ‘ई’ वरच ठिगळ लावलं. रेड हॅट ६ नंही ‘ई’ च ठेवलं आणि ‘१.०.१ई-१६.ईएल६_५.७’ दिलं. म्हणजे एकाच ‘१.०.१ई’ नावाची दोन यंत्रं शेजारी शेजारी असू शकत होती, एकाचं दार सताड उघडं आणि दुसऱ्याचं बंद. फरक फक्त शेपटीत.

आणखी गंमत म्हणजे ज्यांच्याकडे त्याहून जुनं ०.९.८ होतं, त्यांच्याकडे हे भोक नव्हतंच. ज्या हार्टबीट सोयीत चूक होती ती १.०.१ मध्येच आली होती. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं, तेही ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत. डेबियन १२ वर ५.४.१ होतं, ते सुटलं. ‘नवं म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण स्कॅनरच्या डोक्यात असतं. तुमच्या डोक्यात नको.

पायरी १ : ही ओळ कशाच्या जोरावर लिहिली आहे?

स्कॅनर दोन प्रकारे काम करतो. एक, बाहेरून पोर्टला, म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या दाराला, हात लावून. सर्व्हर स्वतःची ओळख (बॅनर) सांगतो, स्कॅनर त्यातला आकडा उचलतो आणि यादीशी ताडून बघतो. हे म्हणजे दारावरची पाटी वाचून घरातल्या माणसाच्या तब्येतीचं निदान करणं. दुसरा प्रकार म्हणजे लॉगिन घेऊन आत जाणं आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी वाचणं. दुसऱ्याचा शब्द पहिल्यापेक्षा खूप वजनदार.

रिपोर्टच्या प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरांत ‘पुरावा’ किंवा ‘आउटपुट’ असा भाग असतो. तो वाचा. तिथे फक्त ‘सापडलेली आवृत्ती ९.२, दुरुस्त आवृत्ती ९.८’ एवढंच असेल तर ती पाटी वाचून काढलेली ओळ आहे. ओपनव्हास हा स्कॅनर वापरत असाल तर त्यात क्यूओडी नावाचा टक्क्यांतला आकडा दिसतो, म्हणजे निदान किती भरवशाचं आहे त्याचा. बॅकपोर्टमुळे पाटीवर भरवसा ठेवता येत नाही अशा ठिकाणी तो ३० असतो. आतून पॅकेज बघून काढलेल्या निदानाला ९७. ओपनव्हास मुळात ७० च्या खालचं दाखवतच नाही. कुणीतरी ती चाळणी काढून टाकली असेल तर रिपोर्ट उगाच फुगतो.

पायरी २ : सिस्टीमला अजून वाली आहे का?

पुढचं सगळं एका गृहीतकावर चालतं : वितरक अजूनही ठिगळं लावतोय. तो थांबला असेल तर स्कॅनरची लाल ओळ खरी धरायची, विषय संपला.

‘/ईटीसी/ओएस-रिलीज’ ही फाइल उघडून सिस्टीमचं नाव आणि आवृत्ती बघा, मग वितरकाच्या संकेतस्थळावर तिची मुदत बघा. ढोबळ हिशेब असा : डेबियनची सुरक्षा टीम साधारण ३ वर्षं, पुढे एलटीएस टीम धरून ५, उबुंटू एलटीएस ५ वर्षं, उबुंटू प्रो घेतलं तर आणखी, रेड हॅट १० वर्षं. सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला. अशा यंत्रावर ‘बॅकपोर्ट आहे हो’ म्हणून ऑडिटरला, म्हणजे तपासणीचा रिपोर्ट देणाऱ्याला, वाटेला लावणं ही थाप आहे.

इथे दोन खाचखळगे आहेत. उबुंटूमध्ये ‘मेन’ विभागातल्या पॅकेजांना सगळ्यांसाठी सुरक्षा अपडेट मिळतात. ‘युनिव्हर्स’ विभागाची खात्रीची दुरुस्ती प्रो वर्गणीतून येते. ‘प्रो सिक्युरिटी-स्टेटस’ ही आज्ञा कुठली पॅकेजं कुठल्या छत्राखाली आहेत ते सांगते. रेड हॅट ८ आणि ९ मध्ये पीएचपीसारख्या काही मॉड्यूलची मुदत मूळ सिस्टीमच्या मुदतीपेक्षा बरीच लवकर संपते. सिस्टीम जिवंत, पॅकेज मात्र बेवारस, असं होऊ शकतं.

पायरी ३ : पॅकेजचा पूर्ण आकडा घ्या, शेपटीसकट

नवखे लोक इथेच चुकतात. प्रोग्रामला ‘तुझी आवृत्ती काय’ विचारलं की तो बहुधा मूळ लेखकांचाच आकडा सांगतो. आपल्याला पॅकेजचा आकडा हवा. डेबियन आणि उबुंटूवर ‘डीपीकेजी -एल ओपनएसएसएच-सर्व्हर’ (एल लहान लिपीतला), रेड हॅटच्या घराण्यात ‘आरपीएम -क्यू ओपनएसएसएच-सर्व्हर’.

डेबियन १२ वर उत्तर असं काहीसं येईल : १:९.२पी१-२+डेब१२यू३. हे तुकड्यातुकड्यानं वाचा. सुरुवातीचं ‘१:’ हा डेबियनचा स्वतःचा क्रमवारीचा अंक, मूळ आवृत्तीशी त्याचा संबंध नाही. ‘९.२पी१’ हा मूळ लेखकांचा आकडा. स्कॅनर इथेच थांबतो. ‘-२’ म्हणजे डेबियननं केलेली बांधणी. आणि ‘+डेब१२यू३’ म्हणजे डेबियन १२ बाहेर पडल्यानंतर या पॅकेजात झालेली तिसरी सुधारणा. रेड हॅटचं ‘८.७पी१-३८.ईएल९_४.१’ असंच उलगडतं : ‘ईएल९_४’ म्हणजे ९.४ या उपआवृत्तीसाठी, आणि शेवटचा ‘१’ त्यावरची दुरुस्ती.

ही दोन उदाहरणं मी मुद्दाम घेतली. १ जुलै २०२४ ला क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ओपनएसएसएचमधलं सीव्हीई-२०२४-६३८७ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या प्रत्येक भोकाला मिळणारा क्रमांक) जाहीर केलं, ज्याला ‘रेग्रेशन’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एसएसएच घुसवून नाव दिलं गेलं. २००६ मध्ये बुजवलेलं भोक नंतरच्या एका बदलात नकळत पुन्हा उघडलं होतं. ८.५पी१ पासून ९.८पी१ च्या आधीपर्यंतच्या आवृत्त्या त्यात येतात. वरची दोन्ही पॅकेजं, म्हणजे डेबियनचं ‘यू३’ आणि रेड हॅटचं ‘३८.ईएल९_४.१’, ही त्याच भोकावरची ठिगळं. तुमच्याकडे ‘यू२’ असेल तर स्कॅनर बरोबर आहे आणि तुम्ही उशीर केलाय. ‘यू३’ किंवा पुढचं असेल तर या एका भोकापुरता स्कॅनर चुकला. डेबियन ११ वर ८.४पी१ आणि रेड हॅट ८ वर ८.०पी१ आहे, ही दोन्ही वयानं जास्त, पण हे भोक त्यांच्यात नाही.

डेबियन आणि उबुंटूचा एसएसएच सर्व्हर ही शेपटी आपल्या पाटीवर बाहेरूनही दाखवतो, त्यामुळे चांगला स्कॅनर तिथे फसत नाही. वरच्या उदाहरणातल्या रेड हॅटची पाटी नुसतं ‘ओपनएसएसएच_८.७’ म्हणते. लाल ओळी तिथे जास्त दिसल्या तर नवल वाटू देऊ नका.

दोन शेपट्यांत पुढची कुठली हे डोळ्यांनी ठरवू नका. ‘~’ हे चिन्ह असलेली आवृत्ती ते चिन्ह नसलेल्या आवृत्तीच्या मागे धरली जाते, आणि १० हा ९ नंतर येतो. अक्षरांच्या क्रमानं बघणारा माणूस दोन्हीकडे फसतो. डेबियन आणि उबुंटूवर ‘डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्स’ हे काम बिनचूक करतं.

पायरी ४ : वितरकाला विचारा

आता रिपोर्टमधला सीव्हीई क्रमांक घ्या आणि थेट वितरकाच्या सुरक्षा नोंदीत शोधा. डेबियनचा सिक्युरिटी ट्रॅकर, उबुंटूची सीव्हीई पानं, रेड हॅटचा सीव्हीई डेटाबेस हे सगळं खुलं आहे. तुमच्या आवृत्तीसमोर कुठल्या पॅकेजात दुरुस्ती झाली ते लिहिलेलं असतं. पायरी ३ मधला आकडा त्याच्याशी ताडा.

रिपोर्टमध्ये एका ओळीवर सीव्हीई नसून नुसतंच ‘आवृत्ती जुनी आहे’ असं असेल, तर ऑडिटरकडून नेमके क्रमांक मागून घ्या. ते हक्कानं मागायचे. ‘जुनं’ हे भोकाचं नाव नाही.

उत्तर दरवेळी ‘दुरुस्त’ किंवा ‘लागू नाही’ असंच मिळेल असं नाही. डेबियन काही भोकांना किरकोळ ठरवून त्यासाठी वेगळी सुरक्षा सूचना काढत नाही. ती दुरुस्ती बहुधा पुढच्या एखाद्या पॉइंट रिलीजमध्ये, म्हणजे त्याच आवृत्तीच्या एकत्रित सुधारणांत, येते. रेड हॅट काहींपुढे ‘दुरुस्त करणार नाही’ असं स्पष्ट लिहितं. या ओळी खोट्या नाहीत. भोक तिथे आहे, वितरकानं फक्त ते छोटं मानलंय. आता निर्णय तुमचा : ती सोय तुम्ही वापरता का, ती बंद करता येते का, ते पोर्ट बाहेरच्या जगाला दिसतं का. अमेरिकेतली सीसा ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या भोकांची यादी २०२१ पासून ठेवते. त्या यादीत क्रमांक असेल तर वाट बघू नका.

भोक किती गंभीर ते सांगणाऱ्या सीव्हीएसएसच्या ० ते १० गुणांबद्दल थोडं. रिपोर्टमधला गुण बहुधा त्या सॉफ्टवेअरबद्दल सर्वसाधारण विचार करून दिलेला असतो. वितरकाचा दर्जा त्याची स्वतःची बांधणी बघून दिलेला असतो, म्हणून दोन्ही जुळत नाहीत. मी वितरकाचं आधी ऐकतो, पण डोळे मिटून नाही. २००८ च्या मे महिन्यात डेबियनलाच जाहीर करावं लागलं होतं की त्यांनी ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका बदलामुळे जवळपास दोन वर्षं तयार झालेल्या चाव्या ओळखता येण्याजोग्या होत्या. ठिगळ लावणाराही माणूसच.

पायरी ५ : चेंजलॉगमध्ये खूण शोधा

चेंजलॉग म्हणजे पॅकेजात काय काय बदललं त्याची नोंदवही. ‘एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर’ किंवा ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर’ चालवा आणि ‘ग्रेप’नं सीव्हीई क्रमांक शोधा. तो सापडला तर हातात ठोस पुरावा आला. ती ओळ तारखेसह जपून ठेवा. सापडला नाही म्हणजे भोक उघडंच आहे असं मात्र नाही. तुमची आवृत्ती त्या भोकात मुळातच येत नसेल तर चेंजलॉगमध्ये काय लिहिणार?

यंत्रं पुष्कळ असतील तर हे हातानं करत बसू नका. डेबियनवर ‘डेबसेकॅन’ आणि रेड हॅटवर ‘डीएनएफ अपडेटइन्फो लिस्ट --विथ-सीव्हीई’ बाकी असलेल्यांची यादी देतात.

पायरी ६ : डिस्कवर नवं आहे, मेमरीत काय आहे?

ही पायरी लोक गाळतात आणि मग तोंडघशी पडतात. पॅकेज बदललं तरी चालू असलेली प्रक्रिया जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसलेली असते. हार्टब्लीडच्या वेळी पॅकेज बसवून निश्चिंत झालेल्यांचे वेब सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत उघडेच होते. ‘नीडरीस्टार्ट’, आणि रेड हॅटकडे ‘नीड्स-रीस्टार्टिंग’, कुठल्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते सांगतात. कर्नलसाठी, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यासाठी, ‘यूनेम -आर’ नं चालू आवृत्ती बघा आणि बसवलेल्याशी ताडा. जुळत नसेल तर रीबूटची वेळ ठरवा.

याच्या उलटही होतं. रेड हॅट मुळात तीन कर्नल ठेवून देतं. चालू कर्नल नवा असला तरी पॅकेजांच्या यादीतल्या जुन्या दोघांवर काही स्कॅनर बोट ठेवतात.

काय करू नये

सुरुवातीच्या दिवसांत मीही लाल ओळ बघून घाबरलो होतो आणि वेब सर्व्हरची ताजी आवृत्ती सोर्समधून बांधून ‘/यूएसआर/लोकल’मध्ये बसवली होती. पुढचा रिपोर्ट हिरवागार. मला शाबासकीही मिळाली. काही महिन्यांनी खरोखरचं भोक सापडलं, वितरकाचं अपडेट रात्री आपोआप आलं आणि मुकाट्यानं त्या पॅकेजवर बसलं जे कुणी चालवतच नव्हतं. माझी हातानं बांधलेली प्रत तशीच उघडी, आणि पाटीवर कालचा ताजा आकडा असल्यामुळे जुन्या यादीवर चालणाऱ्या स्कॅनरनंही ती पास केली. आगीतून फुफाट्यात.

डेबियनच्या टेस्टिंग, म्हणजे अजून तयार होत असलेल्या पुढच्या आवृत्तीच्या, भांडारातून एखादंच पॅकेज ओढून आणणं हा त्याच आजाराचा दुसरा प्रकार. डेबियनवाले अशा यंत्राला ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात. त्याला सुरक्षा टीमचं छत्र नीट मिळत नाही आणि पुढचं अपग्रेड अडकतं. तिसरा मोह म्हणजे पाटीच लपवणं : अपाचीत ‘सर्व्हरटोकन्स प्रॉड’, एनजिनएक्समध्ये ‘सर्व्हर_टोकन्स ऑफ’. लपवायला हरकत नाही, रिपोर्ट शांतही होतो, पण त्यानं एकही भोक बुजत नाही.

आणि चौथी चूक, जी या लेखासारखं काही वाचल्यावरच होते : सगळ्या लाल ओळींवर सरसकट ‘बॅकपोर्ट’ असा शिक्का मारणं. पिप किंवा एनपीएम या पायथन आणि जावास्क्रिप्टच्या साधनांनी आणलेलं, ‘/ऑप्ट’मध्ये ठेवलेलं, तिऱ्हाईत भांडारातून घेतलेलं, कंटेनरच्या प्रतिमेत गोठलेलं, यांतल्या कशावरही तुमच्या यंत्राचा वितरक ठिगळं लावत नाही. ‘डीपीकेजी -एस’ (एस कॅपिटल) किंवा ‘आरपीएम -क्यूएफ’ला फाइलचा पूर्ण मार्ग दिला की ती कुठल्या पॅकेजची ते कळतं. उत्तर ‘कुणाचीच नाही’ असं आलं तर ती जबाबदारी तुमची.

ऑडिटरला उत्तर

‘हा फॉल्स पॉझिटिव्ह आहे’, म्हणजे स्कॅनरचा खोटा इशारा आहे, एवढंच लिहून पाठवलेलं पत्र परत येतं, आणि यायलाच हवं. ऑडिटरला त्याच्या फाइलमध्ये लावायला कागद हवा असतो. असं लिहा :

‘नमस्कार. आपल्या रिपोर्टमधील सीव्हीई-२०२४-६३८७ बाबत : सर्व्हरवर डेबियन १२ असून बसवलेले पॅकेज १:९.२पी१-२+डेब१२यू३ आहे. डेबियनच्या सुरक्षा ट्रॅकरनुसार याच पॅकेजात ही त्रुटी दुरुस्त झाली आहे. पॅकेजची आवृत्ती, चेंजलॉगमधील नोंद आणि सेवा पुन्हा सुरू केल्याची वेळ सोबत जोडली आहे. आपले निदान पोर्टवरील बॅनरवर आधारलेले दिसते. पुढील तपासणी लॉगिनसह करावी ही विनंती. त्यासाठी केवळ वाचण्याचे अधिकार असलेले खाते आम्ही देऊ.’

कार्ड व्यवहारांच्या पीसीआय डीएसएस नियमांतही अशी हरकत पुराव्यासह नोंदवायची सोय आहे. तिथली बाहेरून होणारी तपासणी दर तीन महिन्यांनी असते आणि सीव्हीएसएस ४.० किंवा त्याहून वरची ओळ आली की नापास, त्यामुळे हे पत्र पुन्हा पुन्हा लागणार. प्रत्येक सीव्हीईसाठी एक नोंद ठेवा : यंत्र, पॅकेज, ट्रॅकरवरचा निकाल, तपासल्याची तारीख. त्याच तक्त्यात एक रकाना सिस्टीमचा पाठिंबा संपण्याच्या तारखेचा करा, आणि तिच्या सहा महिने आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. त्या तारखेनंतर यातली एकही नोंद पुढच्या पत्राला जोडता येणार नाही.